शाळेचा एसएमएस आणि मोबाईल कंपन्यांचे नियम





पावसाळ्यात कधी कधी रात्री आठ-साडेआठला जिल्हाधिकारी साहेबांचा आदेश येतो, की उद्या शाळांना सुट्टी. त्यानंतर तासाभरात प्रत्येक पालकाच्या मोबाईलवर शाळेचा संदेश यायला हवा, ही अपेक्षा रास्तच आहे. मुलाला सकाळी सहाला उठवायचे, डबा भरायचा, रेनकोट घालून ऑटोची वाट पाहत चौकात उभे करायचे आणि मग कळायचे की शाळा बंद आहे, हे कोणालाच नको असते. म्हणूनच पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. व्हॉट्सॲपवर निरोप सेकंदात जातो, मग शाळेच्या एसएमएसला इतकी नोंदणी आणि मंजुरी कशाला? ऑफिसातल्या बाबूंच्या मोबाईलवरून एकदम सगळ्यांना का पाठवून देत नाही?

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र थोडे लांब आहे. ते नीट समजावे म्हणून या अंकातला आमचा पाठ याच विषयावर घेतला आहे. आठवी-नववीच्या मुलांना यात थोडे गणितही सापडेल.

आधी एसएमएस का, ते सांगतो. आपल्या शाळेत अशी बरीच घरे आहेत जिथे आई-वडील दोघेही कामावर असतात आणि दुपारी घरी आजी-आजोबा असतात. त्यांच्या हातात बटणांचा फोन असतो, त्यात इंटरनेट नसते. एसएमएस त्या फोनवरही पोहोचतो. व्हॉट्सॲपच्या गटात महत्त्वाची सूचना चाळीस ‘सुप्रभात’ आणि ‘धन्यवाद मॅडम’ यांच्याखाली दबून जाते, हा अनुभव सर्वांचाच आहे. म्हणून गैरहजेरी, सुट्टी, शाळेच्या वेळेतला बदल, फीची पावती एवढ्या गोष्टी एसएमएसनेच कळवायच्या, असे आम्ही ठेवले आहे.

आता नियमांकडे वळू. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोबाईलवर दिवसभर प्लॉट, कर्ज आणि क्लासेसच्या जाहिरातींचा पाऊस पडत असे, हे पालकांना आठवत असेल. त्याला आळा घालण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१० मध्ये नियमावली केली. सप्टेंबर २०११ पासून एका सिमवरून दिवसाला १०० पेक्षा जास्त एसएमएस पाठवण्यावर बंदी आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ती मर्यादा २०० झाली. नोंदणीकृत शिक्षणसंस्था पालकांना जी माहिती पाठवते ती जाहिरातीपासून वेगळी आहे, हे त्या नियमावलीने तेव्हाच मानले होते. पण जाहिरातदारांनी नवनवीन नंबर घेऊन पळवाटा काढल्या. तेव्हा जुलै २०१८ मध्ये ट्रायने नवी नियमावली काढली, आणि आज आपण जी पद्धत पाळतो तिचा पाया तीच आहे.

या पद्धतीला डीएलटी म्हणतात. नाव भारी आहे, कल्पना सोपी आहे. अशी खातेवही डोळ्यांसमोर आणा जिची हुबेहूब प्रत जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल या सर्व कंपन्यांकडे आहे आणि जिच्यात कोणा एकाला गुपचूप खाडाखोड करता येत नाही. कोणती संस्था संदेश पाठवणार, कोणत्या नावाने, कोणत्या मजकुराचा, आणि मधला पुरवठादार कोण, या सगळ्याची नोंद त्या वहीत आधीच झालेली असते. आपल्या संस्थेने पॅन, नोंदणी प्रमाणपत्र आणि लेटरहेडवर सही-शिक्क्याचे अधिकारपत्र देऊन ही नोंदणी केली, तेव्हा आपल्याला १९ आकडी ओळख क्रमांक मिळाला. आम्ही ॲपमध्ये ‘पाठवा’ हे बटण दाबले, की संदेश थेट तुमच्या फोनवर येत नाही. आधी कंपनीचे यंत्र वही उघडते आणि ओळख क्रमांक, नाव व मजकूर पडताळून पाहते. सगळे जुळले तर संदेश पुढे जातो. एक जरी गोष्ट जुळली नाही तर तो तिथेच थांबतो.

ही पडताळणी ८ मार्च २०२१ ला देशभर सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. बँकांचे ओटीपी अडकले, लोकांचे व्यवहार खोळंबले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही पडताळणी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. कारण काय, तर मोठमोठ्या संस्थांनीही आपले मजकूर वहीत नीट नोंदवले नव्हते. ज्यांच्याकडे संगणक विभागच आहे त्यांची ही गत, तर दोन बाबूंवर चालणाऱ्या शाळेने किती जपून राहायला हवे, याचा अंदाज विश्वस्त मंडळींनी करावा.

मुलांनो, आता घरातला मोबाईल घ्या आणि बँकेचा किंवा शाळेचा एखादा संदेश उघडा. वर पाठवणाऱ्याचे नाव दिसेल. त्यातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे टपालाच्या शिक्क्यासारखी असतात. पहिले अक्षर कंपनीचे, म्हणजे एअरटेलचे ‘ए’, जिओचे ‘जे’, बीएसएनएलचे ‘बी’, आणि दुसरे विभागाचे. मग आडवी रेघ, आणि त्यापुढे संस्थेने नोंदवलेले सहा अक्षरांचे नाव, ज्याला हेडर म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियमांत जी दुरुस्ती केली तिच्यामुळे या नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर लागू लागले. ‘पी’ म्हणजे प्रचार, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. शाळेकडून येणाऱ्या सूचनेच्या शेवटी ‘एस’ असायला हवा. शाळेचे नाव सांगणारा पण साध्या दहा आकडी नंबरावरून आलेला ‘फी बाकी आहे, लगेच भरा’ असा संदेश दिसला, तर तो आमचा नाही असे खुशाल समजा आणि ऑफिसला कळवा.

टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा साचा, हा या सगळ्यातला सर्वात नाजूक भाग आहे. प्रत्येक संदेशाचा मजकूर आधी पोर्टलवर टाकून मंजूर करून घ्यावा लागतो. विद्यार्थ्याचे नाव, तारीख, रक्कम अशा बदलणाऱ्या गोष्टींसाठी त्यात रिकाम्या जागा सोडता येतात. बाकीचा मजकूर मात्र मंजूर झाला तसाच, अक्षर अन् अक्षर, पाठवायचा असतो. सगळ्याच जागा रिकाम्या सोडून ‘पुढे काहीही लिहू’ असा साचा मंजूर होत नाही. म्हणजे पावसाच्या सुट्टीचा मजकूर पाऊस सुरू झाल्यावर नोंदवून उपयोग नाही. तो एप्रिलमध्ये मंजूर करून ठेवायचा. तसेच जानेवारीत थंडीमुळे शाळेची वेळ बदलते त्याचा मजकूर दिवाळीच्या आधी.

‘अक्षर अन् अक्षर’ हे मराठीत बोलायला सोपे आणि करायला अवघड आहे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीत वाक्य संपले की हात आपोआप उभा दंड काढतो, मराठीत तिथे टिंब हवे. माणूस दोन्ही वाचून घेतो, यंत्राला ती दोन वेगळी चिन्हे आहेत. साच्यात ‘सूचना’ असेल आणि पाठवताना ‘सुचना’ झाले, तर संदेश अडकला. दोन शब्दांत एकाऐवजी दोन जागा सुटल्या, तरी तोच धोका. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ तर दोन तऱ्हांनी टाईप होतो, एकदा सबंध अक्षर म्हणून आणि एकदा साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, यंत्र आतले संकेतांक पाहते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक साचा मराठीच्या शिक्षिका तपासतात, मग तो नोंदवला जातो, आणि पाठवताना कोणीही तो नव्याने टाईप करत नाही. मंजूर साचाच निवडायचा आणि फक्त रिकाम्या जागा भरायच्या.

कृतिदेव फाँटची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण आपल्या इंदूरकडच्या ऑफिसांत अजून तो भरपूर वापरला जातो. कृतिदेवमध्ये लिहिलेला मजकूर आपल्याला देवनागरी दिसतो, पण आतून ती इंग्रजी अक्षरेच असतात, त्यांना फक्त देवनागरीचे कपडे घातलेले असतात. तो मजकूर उचलून पोर्टलवर चिकटवला की कपडे गळून पडतात आणि इंग्रजी अक्षरांचा भुगा उरतो. संदेशासाठी युनिकोडच हवे.

आता गणित. एका एसएमएसमध्ये मजकुराला १४० बाइट जागा असते. एक बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून १४० × ८ = ११२० बिट. इंग्रजीच्या एका अक्षराला ७ बिट पुरतात. ११२० ला ७ ने भागा, उत्तर १६०. देवनागरीच्या एका चिन्हाला १६ बिट लागतात. ११२० ला १६ ने भागा, उत्तर ७०. तीच डबी, पण त्यात इंग्रजीची १६० चिन्हे मावतात आणि मराठीची ७०. मजकूर त्याहून मोठा झाला तर तो तुकड्यांत जातो, आणि तुकडे पुन्हा जोडण्याची खूण ठेवायला प्रत्येकात ६ बाइट खर्च होतात. मग एका तुकड्यात मराठीची ६७ चिन्हेच राहतात. १३४ × ८ ÷ १६ करून पाहा. आणि पैसे दर तुकड्यामागे मोजावे लागतात.

चिन्ह म्हणजे काय, हेही लक्षात घ्या. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, प्रत्येकाचे एक चिन्ह मोजले जाते. ‘शाळा’ डोळ्याला दोन अक्षरे दिसतात, यंत्राला चार. ‘विद्यार्थ्यांना’ डोळ्याला चार अक्षरे, यंत्राला पंधरा! आणि इंग्रजी संदेशात रुपयाचे चिन्ह किंवा एक देवनागरी अक्षर जरी आले, तरी सबंध संदेश १६० वरून ७० च्या हिशेबात जातो.

आपली पत्र लिहिण्याची जुनी रीत इथे कशी महाग पडते ते पाहा. ‘आदरणीय पालक, मुसळधार पावसामुळे मा. जिल्हाधिकारी यांच्या आदेशानुसार दि.’ इथपर्यंत पोहोचलो तोच ७० चिन्हे संपली. तारीख नाही, सुट्टी नाही, शाळेचे नावही नाही. त्याऐवजी ‘पावसामुळे दि. १४-०७-२०२६ रोजी शाळेस सुट्टी.’ असे लिहिले तर ४३ चिन्हांत सगळे सांगून झाले आणि शाळेच्या नावाला २७ उरली. आदर कमी झाला असे कोणी मानू नये.

याच हिशेबावरून विश्वस्त मंडळापुढे एक सूचना आली आहे, की मराठी संदेश दुप्पट महाग पडतो तर तो रोमन लिपीत पाठवावा. खर्चाची काळजी खरी आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. पण आमचे मत वेगळे आहे. ‘उद्या शाळेला सुट्टी आहे.’ हे वाक्य देवनागरीत २४ चिन्हांचे आहे, रोमनमध्येही जवळपास तितकेच. संदेश ७० च्या आत बसवला तर दोन्हींचा खर्च एकच. महागडी आहे ती आपली लांबण. आणि ज्या आजींना रोमन मराठी वाचताना ‘काल’ की ‘काळ’ हे कळत नाही, त्यांच्यासाठीच तर आपण एसएमएस ठेवला आहे. इंदुरात राहून मराठी शाळा चालवायची आणि घरी जाणारी एक ओळ रोमनमध्ये पाठवायची, हे आमच्या मनाला पटत नाही. पुढच्या बैठकीत साचे एकेक करून ७० चिन्हांत बसवून मांडतो, मग मंडळाने निर्णय करावा.

दुसरा विषय थोडा नाजूक आहे. गणेशोत्सवाची वर्गणी, हळदीकुंकवाचे आमंत्रण, कोजागरीच्या कार्यक्रमाची तिकिटे, हे सर्व ‘शाळेच्या एसएमएसवरून सुटसुटीत पाठवा’ असा आग्रह आपल्याच माणसांकडून होतो. हे कार्यक्रम आपलेच आहेत, त्यांवर आमचेही प्रेम आहे. पण शाळेचे हेडर सेवासंदेशांसाठी नोंदवलेले आहे. मूल गैरहजर आहे, फी मिळाली, उद्या शाळा नऊला भरेल, हा सेवासंदेश. तिकिटे घ्या, प्रवेश सुरू झाले, देणगी द्या, हा प्रचार. सेवासंदेशाच्या शेपटीला ‘नवीन प्रवेश सुरू’ एवढे तीन शब्द जोडले तरी तो प्रचाराचा होतो. प्रचाराला वेगळी नोंदणी लागते, रात्री ९ नंतर तो पाठवता येत नाही, आणि ज्याने १९०९ वर अशा संदेशांना मनाई नोंदवली आहे त्याला तो धाडायचा नसतो. मनाईच्या यादीत ‘शिक्षण’ हा स्वतंत्र वर्ग आहे, म्हणजे क्लासवाल्यांना कंटाळलेल्या पालकाने तो बंद केलेला असू शकतो. संपूर्ण मनाई असली तरी शाळेचे सेवासंदेश मात्र येतात. तेव्हा ‘आम्ही डीएनडी केले आहे म्हणून गैरहजेरीचा निरोप आला नाही’ हे कारण नव्हे. तसे झाले असेल तर बहुधा नंबर बदललेला असतो.

आता बाबूंच्या मोबाईलचा प्रश्न. आपल्याच सिमवरून एकदम पाचशे लोकांना एसएमएस करणारी ॲप फुकट मिळतात, आणि नोंदणीची कटकटही नसते. आम्ही ती ऑफिसात चालू देत नाही. दहा आकडी साध्या नंबरावरून असे संदेश पाठवणारा नियमांच्या दृष्टीने अनोंदणीकृत असतो. २०२५ च्या दुरुस्तीनुसार दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते, आणि तक्रार करायला ग्राहकाला तीनऐवजी सात दिवस मिळतात. दोष सिद्ध झाला तर पहिल्या वेळी त्या नंबराची जावक सेवा १५ दिवस बंद, आणि पुन्हा झाले तर त्या ग्राहकाच्या नावावरची सर्व कनेक्शन सर्व कंपन्यांकडून वर्षभर बंद. ऑफिसचा तोच नंबर विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रावर छापलेला आहे. खेळताना मुलाच्या हाताला लागले आणि घरी फोन करायला गेलो तर जावक बंद, ही वेळ चार पैशांच्या बचतीसाठी आणायची नाही.

फसवणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून आधी न नोंदवलेली कोणतीही लिंक असलेला संदेश कंपन्या अडवतात. डिसेंबर २०२४ पासून तर संस्था, पुरवठादार आणि कंपनी ही सबंध साखळी वहीत जोडलेली असावी लागते. आमच्या साच्यांत लिंक नाहीच. शाळेच्या नावाने लिंक आली, किंवा ‘हे ॲप टाका, निकाल पाहा’ असे आले, तर दाबू नये आणि मुलांनाही दाबू देऊ नये.

पालकांकडून आम्हाला एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे चालू नंबर. रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग ‘आपली पाल्या आज शाळेत आलेली नाही’ हा निरोप कोणा अनोळखी माणसाच्या हातात जातो, आणि आई-वडील समजून असतात की मुलगी वर्गात आहे. ही जोखीम कोणत्याही यंत्राला पकडता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने संदेश बरोबर पोहोचलेला असतो. नंबर बदलला की वर्गशिक्षकांना तोंडी सांगू नका, डायरीतल्या पानावर लिहून सहीसह द्या. पाठवलेल्या संदेशाची पोच ॲपमध्ये दिसते. गैरहजेरीचा ज्यांचा संदेश ‘पोहोचला नाही’ असे दाखवतो, त्यांना बाबू साडेनऊपर्यंत फोन करतात.

शिक्षकांना जाणारे संदेश, जसे बदली तासिका किंवा परीक्षेची ड्यूटी, तेही याच पद्धतीने जातात. कोणत्याही शिक्षकाने आपल्या खासगी नंबरावरून सर्व वर्गाला एसएमएस करू नये, असे आम्ही सांगितले आहे. ‘पाठवा’ हे बटण दाबण्याचा अधिकार शाळेत तिघांनाच आहे, आणि शिक्षकांना रात्री ९ नंतर कामाचा संदेश धाडायचा नाही हा आमचा आपला घरचा नियम, ट्रायचा नव्हे. सुट्टीचा आदेश तेवढा अपवाद.

आठवी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यास: ‘उद्या सकाळी शाळा नऊ वाजता भरेल.’ या वाक्यात किती चिन्हे होतात ते मोजा. दोन शब्दांमधली रिकामी जागा आणि शेवटचे टिंब विसरू नका. मग स्नेहसंमेलनाच्या तालमीची सूचना तारीख, वेळ आणि जागा यांसह ७० चिन्हांत लिहा, कोणताही शब्द तोडू नका. वह्या शनिवारी संगणकाच्या तासाला आणाव्यात. सर्वात नेमका साचा निवडून आम्ही तोच या वर्षी मंजुरीला पाठवणार आहोत.